चिकटवू नका, मोडू द्या



आज पापड-कुरडया नाहीत आणि उपवासाचे नियमही नाहीत. आज मी प्लास्टिकच्या खेळण्यातल्या विटांवर लिहिणार आहे. त्याच त्या, रात्री दिवा न लावता पाणी प्यायला उठलं की नेमक्या पायाखाली येतात आणि तोंडून णमोकाराऐवजी भलतंच काही निघतं. तुम्ही म्हणाल, हिला या वयात हे काय सुचलं? सुचलं नाही, माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही, म्हणून आधी तीच सांगते.

आमच्या घरी विटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझ्या नणंदेने १९९३ साली दुबईहून माझ्या मुलासाठी आणलेला. मुलगा मोठा झाला आणि डबा माळ्यावर गेला. नात तीन वर्षांची झाली की काढायचा असं ठरवलं होतं, तेवढ्यात २०१९ चा पूर आला. तळमजल्यावरचं सामान वर नेताना माळ्यावरचं काही खाली आलं, आणि त्या गोंधळात हा डबा नेमका पाण्यात गेला. पाणी ओसरल्यावर सांगलीत घराघरांत काय अवस्था होती ते तुम्हाला ठाऊक आहे. गाद्या, पुस्तकं, लाकडी कपाट, सगळं गेलं. डबाही गंजला. पण आतल्या विटा बादलीत साबणाच्या पाण्यात खळबळून काढल्या आणि त्या जशाच्या तशा निघाल्या. नंतर नातीला वाढदिवसाला नवीन खोकं आलं, तेव्हा तिने नवी वीट जुन्या विटेवर दाबली आणि ती टक्‌ करून बसली. मधे जवळजवळ तीस वर्षं गेली होती.

यंदा मे महिन्यात नातीने आपल्या बस्तीचं मंदिर बांधलं. ती नऊ वर्षांची आहे. गाभारा, पायऱ्या आणि समोर पांढऱ्या विटांचा मानस्तंभ. वर चारी दिशांना चार पिवळ्या विटा. चार दिवस ती त्यात रमली होती. मानस्तंभ तिच्या छातीएवढा झाला होता आणि जरासा धक्का लागला की मधून वाकायचा. दुसऱ्या दिवशी आमच्या महिला मंडळाची बैठक आमच्याकडे होती. मला वाटलं, सगळ्याजणी बघतील, पोरीचं कौतुक होईल. खरं सांगू का, माझंही होईल. रात्री ती झोपल्यावर मी फेव्हिक्विकच्या नळ्या घेतल्या, एकेक थर उचलला आणि पूर्ण मानस्तंभ चिकटवून टाकला. एकही वीट हलणार नाही असा.

बैठक झाली, कौतुक झालं. संध्याकाळी खालच्या मजल्यावरची तिची मैत्रीण आली. दोघींनी कृष्णेवरचा आयर्विन पूल करायचं आधीच ठरवलं होतं. पांढऱ्या विटा तेवढ्याच, म्हणून मानस्तंभ मोडायला घेतला. तो मोडेना. नखाने, चमच्याने, शेवटी मुलाने स्क्रूड्रायव्हर लावला तर दोन विटांना तडे गेले. मी सांगितलं, "अगं, मीच चिकटवलाय, पडू नये म्हणून." ती रडली नाही. तिने एक वीट हातात धरून पाहिली आणि म्हणाली, "आज्जी, आता ही वीट राहिली नाही."

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. मी तिला म्हणालेसुद्धा, "देवाचं मंदिर मोडायचं नसतं बाळा." पण म्हणताना माझंच मला पटत नव्हतं. म्हणून मी हा विषय नीट समजून घ्यायचं ठरवलं. बी.कॉम.ला असताना एक सवय लागली होती. एखादी वस्तू कळली नाही की ती कोणी काढली, कशासाठी काढली आणि तिचा हिशेब काय, हे बघायचं.

ही वीट डेन्मार्कमधल्या बिलुंड नावाच्या लहानशा गावची. तिथे ओले कर्क क्रिस्तियनसेन नावाचे सुतार होते. १९१६ मध्ये त्यांनी सुतारकामाचं दुकान घेतलं. पुढे मंदी आली, कामं मिळेनात, तेव्हा १९३२ पासून ते लाकडी खेळणी करू लागले. 'नीट खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून लेगो हे नाव आलं. त्यांची एक गोष्ट मला फार आवडली. मुलगा गॉटफ्रेड एकदा खुशीत सांगत आला की लाकडी बदकांना व्हार्निशचे तीन हात द्यायचे ते मी दोनच दिले आणि पैसे वाचवले. बापाने त्याला रेल्वे स्टेशनवर परत पाठवलं. गेलेली पेटी परत आणायची, तिसरा हात द्यायचा आणि मग पाठवायची, तेही एकट्याने. आपल्याकडे दुधात पाणी घालून पैसे वाचवले असं कोणी सांगत आलं तर आपणही हेच करू.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी प्लास्टिक ओतायचं यंत्र घेतलं आणि १९४९ मध्ये विटा काढल्या. ही कल्पना मुळात त्यांची नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. इंग्लंडमध्ये हिलरी फिशर पेज यांनी किडीक्राफ्ट या नावाखाली अशा विटा आधी काढल्या होत्या, त्या पाहून यांनी आपल्या केल्या. सुरुवातीच्या विटा आतून पोकळ होत्या. एकमेकींवर बसायच्या, पण घट्ट धरायच्या नाहीत. घर जरा हललं की ढासळायचं. खरी युक्ती सापडली ती १९५८ मध्ये. विटेच्या पोटात त्यांनी गोल नळ्या बसवल्या. २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी अर्ज केला. त्याच वर्षी ओले कर्क वारले.

ही युक्ती काय आहे ते हातात वीट घेऊन बघा. आठ बटणांची वीट घ्या. वर जे गोल उंचवटे असतात त्यांना आमची नात बटणं म्हणते. वीट उलटी केली की पोटात तीन नळ्या दिसतात. खालच्या विटेचं बटण वरच्या विटेची भिंत आणि नळी यांच्या मधल्या फटीत शिरतं आणि सगळीकडून दाबलं जातं. प्लास्टिक किंचित ताणतं आणि परत आपल्या मूळ आकारात यायला बघतं. ती धडपड म्हणजेच पकड. डिंक लागत नाही, खिळा नाही, स्क्रू नाही.

आपल्याला हे स्टीलच्या डब्यावरून लगेच कळेल. नवा डबा आणला आणि झाकण फार घट्ट असलं तर नखं मोडतात. सैल असलं तर मुंग्या जातात. चांगला डबा तो, ज्याचं झाकण आपलं आपण धरून राहतं आणि लेकराने ओढलं तरी निघतं. वीट करणाऱ्यांनी ही मधली जागा शोधली. धरणं आणि सोडणं ही दोन्ही कामं त्यांनी एकाच भागाकडून करून घेतली. मी फेव्हिक्विक लावून त्यातलं अर्धं काम मारून टाकलं. म्हणून ती वीट राहिली नाही. पोरीचं बरोबर होतं.

आता मापं बघा. एका बटणाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर. विटेची उंची ९.६ मिलिमीटर. पातळ पट्टी येते तिची ३.२, म्हणजे तीन पट्ट्या एकावर एक ठेवल्या की बरोबर एक वीट. आपल्या आज्ज्यांकडे दोन चिपट्यांचं मापटं आणि दोन मापट्यांचा शेर होता ना, तसंच हे. लहान माप मोठ्यात पूर्ण बसलं पाहिजे, उरलं-पुरलं नको. लहान मुलांच्या मोठ्या विटा १९६९ मध्ये आल्या. त्या लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून दुप्पट आहेत, त्यामुळे गिळायची भीती नाही. आणि थोरल्या बहिणीच्या छोट्या विटांशी त्याही जोडता येतात. साच्यातली चूक मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी ठेवतात. १९५८ मधली वीट आजच्या विटेवर बसते ती यामुळेच.

आम्हाला कॉलेजात घसारा शिकवायचे. दरवर्षी यंत्राची किंमत इतके टक्के कमी लिहायची, गाडीची इतके. मला वाटतं, घरातल्या खेळण्यांत सगळ्यात जास्त घसारा बॅटरीवर चालणाऱ्यांचा. पहिल्या आठवड्यात गाडी पळते, दुसऱ्यात चाक निघतं, तिसऱ्यात ती पलंगाखाली जाते. विटेला घसारा जवळजवळ नाही. कारण ती एकटी कधी जुनी होत नाही. नव्या विटेबरोबर ती पुन्हा कामाला लागते.

याच कंपनीने हा धडा स्वतः एकदा विसरून पाहिला. २००३-०४ च्या सुमारास ती मोठ्या तोट्यात गेली. नाना तऱ्हेचे खास भाग काढले होते, एकेका खेळण्यापुरते. प्रत्येक नव्या भागाला नवा साचा, आणि साचा महाग. नव्या व्यवस्थापनाने भागांच्या प्रकारांची संख्या जवळपास निम्म्यावर आणली आणि कंपनी सावरली. स्वयंपाकघरातही असंच असतं. एका पदार्थापुरतं आणलेलं यंत्र ओट्याखाली पडून राहतं आणि कढई रोज चुलीवर असते.

एकाच रंगाच्या आठ बटणांच्या दोन विटा किती तऱ्हांनी जोडता येतील? २४. हा आकडा वाचून माझे कान टवकारले, पण उगाच त्यात अर्थ शोधायचा नाही, तो केवळ योगायोग. तीन विटा असतील तर १,०६०. आणि सहा विटा? ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. मी हा आकडा दोनदा वाचला. सहा विटा मुठीत मावतात. म्हणून मी म्हणते की मुलांना हजार तुकड्यांचं खोकं लागत नाही.

मग नातीचा मानस्तंभ वाकत का होता? आमचे हे एकदा सहज म्हणाले, "गवंड्याला विचार." घरासमोर बांधकाम चालू आहे, तिथे जाऊन आम्ही दोघींनी पाहिलं. गवंडी वरची वीट कधीच खालच्या विटेच्या बरोबर डोक्यावर ठेवत नाही. खालच्या दोन विटांचा सांधा तो वरच्या विटेने झाकतो. नातीने विटा एकावर एक उभ्या रचल्या होत्या, म्हणजे एक स्तंभ नव्हताच, शेजारी शेजारी चार बारीक काठ्या होत्या. सांधे फिरवले असते तर डिंकाची गरजच नव्हती. मी तिला बांधणं शिकवायला हवं होतं, मी नळी आणली. आपल्याकडच्या हेमाडपंती देवळांत चुना न भरता दगडाला दगड अडकवून शेकडो वर्षं उभी राहिलेली कामं आहेत. आम्ही खिद्रापूरला कितीदा गेलो, कोपेश्वर पाहिलं, तिथल्या जिनमंदिराचं दर्शन घेतलं, पण हे दगड एकमेकांना कसे धरून आहेत हे मी कधी निरखून पाहिलं नव्हतं.

ही वीट ताकदीलाही कमी नाही. इंग्लंडमधल्या ओपन युनिव्हर्सिटीत २०१२ मध्ये चार बटणांची वीट यंत्राखाली दाबून पाहिली. ती सुमारे ४३२ किलोपर्यंत टिकली. म्हणजे तिच्यावर पावणेचार लाख विटा रचल्या, साडेतीन किलोमीटर उंच, तेव्हा कुठे ती चेपेल. आपला पाय का ओरडतो ते आता कळलं असेल.

तुम्ही विचाराल, याचा खेळापलीकडे उपयोग काय? मीही तेच शोधलं. गॉटफ्रेड यांना स्वतःच्या घराचा आराखडा विटांनी करून पाहायचा होता. पण खेळण्यातल्या विटेची उंची आणि रुंदी नकाशाच्या मापात बसेना. म्हणून १९६३ मध्ये मॉड्युलेक्स नावाच्या वेगळ्या विटा निघाल्या, ५ मिलिमीटरच्या मापावर, वास्तुरचनाकारांना नमुने करता यावेत म्हणून. बिलुंडमध्ये २०१७ साली लेगो हाऊस उभं राहिलं. ब्यार्के इंगेल्स यांच्या कार्यालयाने ते एकमेकांवर रचलेल्या २१ पांढऱ्या ठोकळ्यांसारखं केलं आहे. यान व्होर्मान हे जर्मन कलाकार २००७ पासून गावोगावच्या जुन्या पडक्या भिंतींच्या भगदाडांत या रंगीत विटा भरतात. आपली आई फाटक्या परकराला रंगीत ठिगळ लावायची, अगदी तसं दिसतं ते.

पण मला सगळ्यात भावलं ते दुसरंच. जर्मनीतल्या हानाऊ गावात माझ्याच वयाच्या एक आजी आहेत. अपघातानंतर त्या चाकाच्या खुर्चीत आहेत. दुकानाची एक पायरीसुद्धा त्यांना चढता येत नाही. त्यांनी लोकांकडून पडून असलेल्या विटा मागितल्या आणि त्यांचे उतार करून दुकानांच्या दारात ठेवले. आता लोक त्यांना लेगो-आजी म्हणतात. दुसरं म्हणजे ब्रेल विटा. ब्रेल लिपीतलं प्रत्येक अक्षर सहा टिंबांच्या मांडणीतून होतं. २०२० पासून अशा विटा मिळू लागल्या की ज्यांच्यावरची बटणं म्हणजेच ब्रेलची टिंबं. दिसणारं आणि न दिसणारं मूल एकाच पाटावर बसून खेळतं, कारण विटेवर छापील अक्षरही असतं. ज्ञानदानाचं एवढं सोपं साधन मी फार पाहिलेलं नाही.

खरं घर मात्र या विटांचं बांधू नये. २००९ मध्ये जेम्स मे या ब्रिटिश निवेदकांनी इंग्लंडमधल्या सरे परगण्यात सुमारे ३३ लाख विटांचं माणसाला राहता येईल असं घर बांधलं. न्हाणीघरही होतं. शेवटी ते कोणी नेईना, म्हणून उतरवावं लागलं. घराला घराचीच वीट हवी. पण अडकवून बांधायची कल्पना खऱ्या बांधकामातही आहे. ऑरोव्हिलच्या माती-संस्थेत दाबलेल्या मातीच्या, एकमेकींत अडकणाऱ्या पोकळ विटा करतात, भूकंपाला टिकणाऱ्या घरांसाठी. आणि कोलंबियातल्या एका कंपनीने टाकाऊ प्लास्टिक वितळवून अडकवायच्या मोठ्या विटा केल्या. २०१९ मध्ये युनिसेफने तिच्याबरोबर आयव्हरी कोस्ट देशात काम सुरू केलं. तिथल्या बायका कचऱ्यातलं प्लास्टिक वेचतात, त्याच्या विटा होतात आणि त्यांतून मुलांसाठी शाळेच्या खोल्या उभ्या राहतात. चुना-सिमेंट लागत नाही.

आता तुमचे आक्षेप. मला ते माहीत आहेत, कारण ते आधी माझेच होते.

पहिला, हे प्लास्टिक आहे. खरं आहे, आणि हा आक्षेप मी पुसून टाकणार नाही. १३ फेब्रुवारी १९९७ रोजी इंग्लंडच्या टोकाशी एका जहाजावरून मोठ्या लाटेने कंटेनर समुद्रात पडले. त्यातल्या एकात लेगोचे जवळजवळ ५० लाख तुकडे होते. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर ते अजून सापडतात. प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये अंदाज सांगितला की अशी वीट समुद्रात १०० ते १,३०० वर्षं राहू शकते. किती जलचरांच्या पोटात काय जात असेल, विचार करून पाणी गाळून पिणारे आपण अस्वस्थ होतो, आणि व्हायलाच पाहिजे. जी गोष्ट घरात तीस वर्षं टिकते म्हणून मी कौतुक केलं, तीच बाहेर गेली की तेवढ्याच चिवटपणे टिकते. गुण एकच, जागा बदलली की दोष. म्हणून माझं म्हणणं असं की ही वीट घरात आणली तर ती घराबाहेर कचऱ्यात कधीच जाता कामा नये. ते शक्य आहे, कारण तिला नेहमी पुढचा हात मिळतो. फक्त आपण चिकटवून तिचा पुढचा जन्म बंद करता कामा नये.

दुसरा आक्षेप, फार महाग. हो. खोक्यावर ताजमहाल असला की किंमत पाहून डोळे फिरतात. पण पेटंटची मुदत कधीच संपली आहे, आणि २०१० मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विटेचा आकार हा तिच्या कामासाठी आहे, तो कोणा एकाचं बोधचिन्ह होऊ शकत नाही. म्हणून बाजारात त्याच मापाच्या इतरांच्या विटाही मिळतात. घेताना दोन जोडून उलट्या धरा आणि हलवा. पडल्या तर घेऊ नका, ओढून निघाल्या नाहीत तरी घेऊ नका. डब्याच्या झाकणाची परीक्षा आपल्याला येतेच.

तिसरा आक्षेप कोणी मोठ्याने बोलत नाही, पण मनात असतो. मुलीला हे कशाला? तिला भातुकली द्या. भातुकली जरूर द्या, मुलग्यालाही द्या. पण १९७४ च्या खोक्यांत पालकांसाठी एक चिठ्ठी होती, तिचा आशय असा की काहीतरी करून पाहायची ओढ मुलगा आणि मुलगी दोघांतही सारखीच असते. मी वाचलं आणि थबकले, कारण त्यानंतर चारच वर्षांनी मला घरांचे नकाशे काढायचे होते. आमच्या घरी म्हणाले, नकाशे काढून कुठे जाणार आहेस, हिशेब शीख, संसारात उपयोगी पडेल. हिशेब उपयोगी पडला, तक्रार नाही. पण गवंड्याच्या हातातली वीट निरखत मी परवा उभी राहिले, तेव्हा मी साठीच्या पुढे होते. नातीने नवव्या वर्षी ते पाहिलं.

आणि चौथा आक्षेप माझा स्वतःचा. देवाचं मंदिर मोडायचं का?

यावर मी पुष्कळ विचार केला. त्या विटांच्या मंदिरात प्रतिमा नव्हती, प्रतिष्ठा झालेली नव्हती. ते एका मुलीने आठवून केलेलं चित्र होतं. आपण विधानाच्या वेळी रंगीत तांदळाचं मंडल मांडतो. किती तास वाकून, कंबर धरेपर्यंत. विधान संपलं की ते उचलतो, कोणी त्याला पाप म्हणत नाही. पंचकल्याणकाला मंडपात अख्खी अयोध्या उभी करतात आणि महोत्सव झाला की बांबू मोकळे होतात. भाव असतो तोवर मांडणी, मग साहित्य पुढच्या कामाला. अपरिग्रहाचं व्याख्यान मी किती वर्षं ऐकते आहे. आपल्याकडे वस्तू कमी असाव्यात एवढाच अर्थ मी घेत होते. हातातलं सोडता यावं, हा अर्थ नऊ वर्षांच्या पोरीला आधी समजला होता.

आणखी एक बोचरी गोष्ट. मानस्तंभ का असतो? तो पाहून मनातला मान गळून पडावा म्हणून. इंद्रभूती गौतमांचा अभिमान समवसरणातल्या मानस्तंभाकडे पाहताच विरघळला, ही कथा मी नातीला स्वतः सांगितली आहे. आणि मी तोच मानस्तंभ बायकांनी कौतुक करावं म्हणून चिकटवला. देवाच्या नावाखाली मी माझा मान पक्का करत होते.

दशलक्षण पर्व झालं. क्षमावणीच्या दिवशी आम्ही घरात लहान-मोठे सगळे एकमेकांची क्षमा मागतो. दरवर्षी मी नातीच्या डोक्यावरून हात फिरवून "उत्तम क्षमा" म्हणते आणि पुढे जाते. यंदा तिच्यासमोर खाली बसले. म्हटलं, "तुला न विचारता तुझं काम चिकटवलं. कौतुकासाठी केलं. मंदिर मोडू नये म्हणाले ते निमित्त होतं. क्षमा कर." सूनबाई दारात उभी होती. ती काही बोलली नाही. नातीने थोडा विचार केला आणि विचारलं, "पुढच्या वेळी विचारशील?" म्हटलं, "विचारीन."

दिवाळीच्या सुट्टीत दोघी मैत्रिणींनी पूल केला. पांढऱ्या विटा कमी होत्या, तेव्हा नातीने तो चिकटलेला मानस्तंभ आडवा-उभा करून पाहिला. वरची बटणं तर मोकळीच होती. तो तिने पुलाचा मधला खांब म्हणून उभा केला. पूल झाला, दोन दिवस राहिला, मोडला. खांब मात्र डब्यात तसाच पडून आहे, इतरांपेक्षा जड. त्याचं खांबाखेरीज दुसरं काही होत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, माझं मत सांगते. नातवंडांना विटा द्या, पण चित्राबरहुकूम एकच वस्तू करायच्या खोक्यांवर खोकी आणू नका. सुट्या विटांचा एक डबा पुष्कळ झाला. तीन वर्षांखालच्यांना मोठ्या विटाच द्या. झालेलं काम शोकेसमध्ये ठेवायचं असेल तर फोटो काढा आणि मोडायचा दिवस मुलांनाच ठरवू द्या. त्यांनी काय करायचं हे आपण सांगू नये. सांधा कसा फिरवायचा एवढं सांगावं. आणि ज्यांच्याकडे मोठ्या झालेल्या मुलांचे डबे माळ्यावर पडून आहेत, त्यांनी ते भंगारात मुळीच देऊ नयेत. आम्ही मंडळात ठरवलं आहे की असे डबे गोळा करायचे, धुऊन वाळवायचे आणि पाठशाळेच्या कपाटात ठेवायचे. मुलं वहीत नाव लिहून नेतील, महिन्याने परत आणतील. वही मी सांभाळणार आहे. बी.कॉम.चा तेवढा उपयोग अजून होतो.

पहिला डबा आमचाच गेला. नातीला विचारून दिला. खांब तिने स्वतःकडे ठेवून घेतला.

जय जिनेंद्र.